निळी बारीक अळंबी

मला चिनी भाषा येते, असं मी कितीतरी वर्षं समजत होते. ते अगदीच खोटं नव्हतं. मिक्सर, पाण्याचा पंप किंवा कपडे धुण्याचं यंत्र घेतलं की खोक्यात एक पातळ माहितीपुस्तिका असते. ती कुणी वाचत नाही, आणि यंत्र बिघडलं की सगळं घर तीच शोधत बसतं. ती चिनीतून आपल्या भाषेत आणायचं काम मी करायचे. यंत्रं आयात करणाऱ्या एका कंपनीत तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सचं मशीन आणि पाण्याचा कूलर यांच्या मधल्या बोळात माझं टेबल होतं. 'ओल्या हातांनी बटणाला स्पर्श करू नये', 'यंत्र सपाट जागी ठेवावे', 'आत बोट घालू नये'. ही माझी साहित्यसंपदा. नाव कुठेही छापलेलं नाही, पण खप दांडगा.

त्यामुळे माझ्या चिनीला एक वळण लागलं होतं. 'झाकण' या अर्थाचे तीन-चार शब्द मला येत होते आणि 'कंटाळा' या अर्थाचा एकही येत नव्हता. एकदा कंपनीत चीनहून पाहुणे आले. लिफ्टमध्ये त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला त्यांच्या भाषेत विचारलं, काय, कसं काय चाललंय? मी आनंदानं उत्तर दिलं. मला म्हणायचं होतं, छान चाललंय. तोंडातून जे बाहेर पडलं त्याचा अर्थ होता, 'सर्वसाधारण वापरात कार्य स्थिर राहते.' गृहस्थांनी बराच वेळ मान डोलावली आणि त्यांचा मजला यायच्या आधीच ते उतरून गेले.

पुढे कंपनीनं भाषांतराचं सॉफ्टवेअर आणलं. साहेबांनी मला बोलावून चहा पाजला आणि ते सॉफ्टवेअर किती चुका करतं हे मलाच समजावून सांगितलं. चुका करतं, पण पटकन करतं, असं त्यांचं म्हणणं. मी सावकाश आणि बरोबर करायचे, हाच माझा दोष ठरला. निरोपाला सहकाऱ्यांनी मला एक मिक्सर दिला. त्याची पुस्तिका मीच केलेली होती.

घरी आई होती. तिनं आयुष्य टेलिफोन खात्यात लोकांच्या जोडण्या लावून देण्यात घालवलं होतं, आणि माणूस काय बोलतोय यापेक्षा कसं बोलतोय हे तिला आधी कळायचं. नोकरी गेल्याचं मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू ही बातमीसुद्धा मुद्दे पाडून सांगितलीस." आमच्याकडे माझ्या बहिणीची मुलगीही राहायची, शिकायला आलेली. तिच्या हातातला फोन तिच्या शरीराचाच भाग असावा, अशी मला शंका होती.

थोड्या दिवसांनी एका भाषावर्गात मला चिनी शिकवायचं काम मिळालं. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत फ्रेंच, दुसरीत जर्मन आणि माझं चिनी आळीपाळीनं. वर्गाचे संचालक पूर्वी टायपिंगचे क्लास चालवायचे. बोलताना अजूनही त्यांची बोटं टेबलावर चालत असत. त्यांनी मला एवढंच विचारलं की भाषा येते ना. मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी खोली भरली होती. कॉलेजच्या पोरींचा एक घोळका होता, फळांचे एक व्यापारी होते, आणि पहिल्या बाकावर एकट्या बसलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. पांढरे केस घट्ट मागे बांधलेले, पाठ ताठ, समोर पेन्सिल आणि पेन एका रेषेत. मला त्या फार आवडल्या, कारण त्या माझ्यासारख्याच होत्या. त्यांच्या मुलानं परदेशात एका चिनी मुलीशी लग्न केलं होतं. सुनेशी तिच्या भाषेत चार शब्द बोलता यावेत म्हणून त्या शिकायला आल्या होत्या.

मी मनापासून शिकवलं. अडचण एवढीच की मला जे येत होतं तेच मी शिकवत होते. पहिल्या महिन्यात माझा वर्ग 'कृपया', 'सावधान' आणि 'उलटे धरू नये' हे सफाईनं म्हणू लागला. दुसऱ्या महिन्यात मागचे बाक रिकामे झाले. फळांचे व्यापारी येईनासे झाले, तेव्हा मी समजले की त्यांचा हंगाम असेल. मग एका संध्याकाळी संचालक स्वतः मागे येऊन बसले. तास संपल्यावर त्यांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि दारात उभं राहून सावकाश म्हणाले, "बाई, रागावू नका. पण तुमच्या वर्गात बसलं की आपल्या हातून काहीतरी मोडलंय असं वाटत राहतं."

मी घरी आले आणि जेवताना हे आईला सांगितलं. आईनं माझी बाजू घेतली नाही. भाचीनं मात्र फोनवरून मान वर केली.

चिनी पोरंपोरी इंटरनेटवर काय काय धमाल करतात, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. भाषा येत नसूनही. तिनं मला चित्रं दाखवायला सुरुवात केली: तोंड वाकडं केलेली मांजरं, रडणारी बाळं, खाली दोन ओळींचा चिनी मजकूर. मी पेन्सिल घेऊन बसले. प्रत्येक ओळीचं व्याकरण सोडवलं. शेवटी मी तिला विचारलं, यात मांजराचा संबंध काय? ती म्हणाली, "मावशी, संबंध नाही हाच तर विनोद आहे." मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. ते मला पुढे बरेच दिवस कळलं नाही.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चिनीमध्ये एकाच उच्चाराचे चार सूर असतात: सपाट, चढता, खाली जाऊन वर येणारा, आणि पडता. सूर बदलला की अर्थ बदलतो. 'मा' म्हणताना सूर चुकला की आईचा घोडा होतो. हे मी फळ्यावर बाणांनी शिकवायचे आणि विद्यार्थी जांभया द्यायचे. इंटरनेटवरचे निम्मे विनोद मात्र याच गोंधळावर उभे होते. एका तरुणाचा व्हिडिओ गाजला होता. त्याला प्रेमात अपयश आलेलं, आणि त्याला म्हणायचं असतं 'नान शौ, श्यांग खू', म्हणजे जीव कासावीस झालाय, रडावंसं वाटतंय. पण त्याच्या गावाकडच्या उच्चारामुळे ऐकणाऱ्यांना ऐकू येतं 'लान शौ, श्यांग गू'. म्हणजे निळी, बारीक अळंबी. तेव्हापासून तिकडे कुणाला वाईट वाटलं की तो निळ्या बारीक अळंबीचं चित्र पाठवायला लागला.

मी ठरवलं की हाच धडा घ्यायचा. रात्रभर तयारी केली असं म्हणणार नाही, पण रविवार गेला. सोमवारी मी वर्गात उभी राहिले आणि आधी त्या तरुणाच्या बोलीची पार्श्वभूमी सांगितली. मग अळंबीचा शब्द फळ्यावर लिहून मोठ्यानं म्हटला: श्यांग गू. म्हणताच मागून एक पोरगी फिसकन हसली. मग दुसरी. त्या शेवटच्या अक्षराचा आपल्या भाषेत काय अर्थ होतो, हे इतकी वर्षं चिनी शिकूनही माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मी गंभीरपणे बजावलं की हा विनोद नाही, विनोद पुढे आहे. उरलेला विनोद मी तीन भागांत समजावला. पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. मला वाटलं, त्यांना कळलेलं नाही. म्हणून मी म्हटलं, "झालं. आता हसायला हरकत नाही."

आणि वर्ग फुटला. पोरी बाकांवर डोकं टेकून हसत होत्या. दाराबाहेरून जाणारे जर्मनचे सर थांबून आत बघायला लागले. डॉक्टरीणबाईंनी रुमालानं डोळे टिपले. ते सगळे विनोदाला नाही, मला हसत होते, हे मला घरी पोचल्यावर आईनं सांगितलं तेव्हा कळलं.

पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ते दोन्ही शब्द सुरांसकट पाठ होते. महिनाभर बाण काढून जे जमलं नव्हतं, ते एका अळंबीनं केलं होतं. मी काही मूर्ख नाही. हसण्याचं कारण मी असले तर मी असले. मी आणखी विनोद शोधायला लागले. पाच-दोन-शून्य हे आकडे चिनीत भरभर म्हटले तर 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' यासारखे ऐकू येतात, हे शिकवलं आणि पोरी एका दमात आकडे शिकल्या. आठ-आठ म्हणजे 'बा बा', ऐकायला 'बाय-बाय'सारखं, म्हणजे निरोप. तास संपला की सगळा वर्ग मला 'बाबा' म्हणून जायला लागला. फ्रेंचच्या बाईंना वाटलं, मला नवीन टोपणनाव पडलंय. हळूहळू तेही पडलंच. मागचे बाक भरले. संचालक आता माझ्या वर्गात उगाचच खडू द्यायला येत.

साहजिकच माझ्या डोक्यात हवा गेली. आपण विनोदी आहोत, असं मला वाटायला लागलं. बँकेत, वाण्याकडे, जिन्यात मी लोकांना विनोद सांगू लागले. शेजारचे गृहस्थ माझी चाहूल लागली की दार पुन्हा लावून घेत. आई म्हणाली, "लहानपणीही तू असंच करायचीस. आधी सांगायचीस, आता विनोद सांगते, मग सांगायचीस, आता संपला." मी हेही हसण्यावारी नेलं. विनोदी माणसानं असंच करायचं असतं, असं वाचलं होतं.

अशा भरात मी तो हसऱ्या चेहऱ्याचा धडा घेतला.

मेसेजच्या शेवटी आपण जो पिवळा गोल चेहरा टाकतो, साधा, ओठ थोडे वाकवलेला, तो तिकडची वयस्कर माणसं आपल्यासारखाच वापरतात. तरुणांमध्ये मात्र त्याचा अर्थ उलटा झालाय. नीट बघा, मी म्हटलं, त्याचे डोळे हसत नाहीत. तरुण मुलगी तो पाठवते तेव्हा तिला म्हणायचं असतं: बरं, कळली तुमची लायकी. किंवा: मला तुमच्याशी आणखी बोलायचं नाही. मी तो चेहरा फळ्यावर मोठा काढला आणि एकेक वाक्याखाली तो टाकून दाखवला. 'जेवलीस का' आणि खाली तो चेहरा. 'तब्येत कशी आहे' आणि खाली तो चेहरा. पोरी हसून हसून लाल झाल्या. माझा तो आजवरचा सगळ्यात यशस्वी तास होता.

डॉक्टरीणबाई हसत नव्हत्या. त्यांनी पेन पेन्सिलच्या शेजारी ठेवलं, सरळ केलं, पुन्हा सरळ केलं. तास संपल्यावर सगळे 'बाबा' करून गेले, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी पर्समधून फोन काढून माझ्यापुढे धरला.

सुनेला पाठवलेले मेसेज होते. चिनीतले, माझ्या वर्गात शिकलेले, एकही चूक नसलेले. 'जेवलीस का.' 'थंडी आहे, काळजी घे.' 'तुझा फोटो मिळाला.' प्रत्येकाच्या शेवटी तोच चेहरा. सुरुवातीला सुनेची उत्तरं लांब होती, फोटोही असायचे. मग ती आखूड झाली. मग नुसतं 'हो'. शेवटचे तीन मेसेज वाचलेले होते, पण उत्तर नव्हतं.

त्या म्हणाल्या, "आमच्या दवाखान्याच्या पाटीवरसुद्धा तोच चेहरा आहे. हसू हा माझा धंदा आहे हो."

मुलाला विचारलं नाही का, असं मी विचारलं. विचारलं होतं. तो म्हणाला होता, सगळं ठीक आहे, ती कामात आहे. त्याला दोघींच्या मधे पडायचं नव्हतं. आणि सुनेलाच सरळ विचारावं, तर बाईंना भीती होती की उत्तर खरंच तसं असेल. सासूनं पहिल्याच वर्षी पोरीचं मन मोडलं, असं त्या स्वतःला बजावत होत्या. काय मोडलं, हे मात्र आजवर त्यांना कळत नव्हतं.

मी त्यांना धीर दिला. म्हटलं, हे माझ्यावर सोडा. गैरसमज दूर करणारं एक नीट पत्र मी लिहून देते. लिहिताना मला माझी जुनी ताकद परत आल्यासारखं वाटलं. स्वच्छ, शुद्ध, औपचारिक चिनी. बाईंनी ते जसंच्या तसं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंना त्यांच्या मुलाचा फोन आला. त्यानं विचारलं होतं, "आई, तू वकील लावलायस का?"

मी ते पत्र पुन्हा वाचलं. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. चुकीच्या चिन्हाच्या वापरामुळे उद्भवलेल्या परिणामांची नोंद घेण्यात आली आहे. यापुढे संबंधित चिन्हाचा वापर तत्काळ थांबवण्यात येईल. सून ते वाचून रडली होती. तिला वाटलं, सासूबाई आता संबंधच थांबवताहेत.

त्या आठवड्यात मी वर्गात एकही विनोद सांगितला नाही. आणि माझं तोंड बंद राहावं म्हणूनच की काय, माझी दाढ दुखायला लागली. दुसरीकडे जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून मान खाली घालून डॉक्टरीणबाईंच्याच दवाखान्यात गेले. त्यांनी पत्राचं नाव काढलं नाही. फक्त 'आ करा' म्हणाल्या.

इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात त्या शेजारच्या टेबलावर काहीतरी कोरत बसल्या होत्या. दातांचे साचे करायला एक निळं मेण वापरतात, त्याचा लहानसा तुकडा त्यांच्या हातात होता. बारीक देठ, वर टोपी. मी खुर्चीतून मान वळवून बघितलं, तर ती अळंबी होती. निळी, काडीसारखी बारीक. खरं सांगायचं तर ती अक्कलदाढेसारखी दिसत होती, पण मी गप्प राहिले; माझं तोंड तसंही चालत नव्हतं. बाईंनी ती पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवली, फोटो काढला, सुनेला पाठवला. खाली काहीही लिहिलं नाही. तो चेहरासुद्धा नाही.

मग हातमोजे चढवून त्यांनी माझी दाढ उघडली. तोंडात कापसाच्या सुरळ्या, लाळ ओढणारी नळी, ओठ लोंबलेला, अशा अवस्थेत मी असताना त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. सून.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची शिक्षिका होते, भाषांतर हा माझा पेशा होता. मी बोलायचा प्रयत्न केला. जो आवाज निघाला तो चिनीत नव्हता, आपल्या भाषेत नव्हता, आणि मला वाटतं, माणसाचाही नव्हता. पडद्यावरची मुलगी दचकली. बाईंनी कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि एक हातमोजा काढला.

मला एकच गोष्ट करता येत होती. मी हात वर केला आणि बोटानं हवेत सूर दाखवायला लागले. सपाट. चढता. खाली जाऊन वर. बाई एका डोळ्यानं माझं बोट बघत एकेक शब्द काढत होत्या. त्यांनी आधी तिला हाक मारली. मग म्हणाल्या, "वो बू ह्वेइ श्याओ." मला हसता येत नाही. म्हणायचं होतं की तो हसरा चेहरा कसा वापरायचा ते मला कळत नाही, पण एवढेच शब्द त्यांच्याकडे होते. आणि त्यानंतर, माझ्या बोटाची वाट न बघता, "वो श्यांग नी." तुझी आठवण येते.

पलीकडे फोन अगदी चेहऱ्याजवळ आला. मग सून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि ती भराभरा जे बोलत सुटली त्यातलं आम्हा दोघींनाही फारसं कळलं नाही. 'मा' एवढं कळलं. पहिल्या सुरातलं, सपाट. आई, घोडा नव्हे.

बाईंनी फोन ठेवला, हात धुतले, नवा हातमोजा चढवला आणि माझ्या दाढेकडे वळल्या. त्यांचं लक्ष अजून फोनकडेच होतं. मी डोळे मिटून घेतले. दाढेत घातलेला तो भराव निसटला आणि महिन्याभरात पुन्हा घालावा लागला, याबद्दल मी कुणाजवळ तक्रार केलेली नाही.

त्यानंतर सुनेची उत्तरं पुन्हा लांबली. तिनं आधी सासूला कुठला चेहरा केव्हा टाकायचा याची शिकवणी दिली, आणि मग बाईंच्या सांगण्यावरून ती अधूनमधून आमच्या वर्गात फोनवरून यायला लागली. आम्ही फोन फळ्याच्या कडेला खडूंच्या खोक्यावर टेकवून ठेवतो. तिचं आणि माझं पहिल्यांदा नीट बोलणं झालं तेव्हा ती फार आदरानं म्हणाली की माझं चिनी ऐकून तिला तिच्या आजोबांच्या कारखान्यातला सूचना देणारा भोंगा आठवतो. वर्ग हसला. मीही हसले, मला वाटलं, स्तुती आहे.

ती नवे विनोद आणते, पोरी ते उचलतात, डॉक्टरीणबाई पहिल्या बाकावर बसून चुका काढतात. माझ्याकडे व्याकरण राहिलंय. विनोद सांगून झाला की त्यात क्रियापद कुठे आहे ते मी दाखवते. परवा तिनं एका कोंबडीचं चित्र आणलं. सगळे हसले, संचालकसुद्धा. मी शेजारी बसलेल्या पोरीला हळूच विचारलं, यात कोंबडीचा संबंध काय. ती सांगायला लागली, मध्येच तिला पुन्हा हसू आलं, आणि तेवढ्यात घंटा झाली.